पेशीबाबांचा फेसाळणारा बटाटा

दिलसुखनगरच्या फंक्शन हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती आणि स्टेजवर एक बटाटा फेसाळत होता. लोक त्याला हात जोडत होते. मीही जोडले असते, पण माझ्या हातात कुसुमआत्याची पर्स, तिच्या रिपोर्टांची पिशवी आणि अर्धं उस्मानिया बिस्किट होतं.

"डॉक्टर फांद्या छाटतात," पेशीबाबा माइकवर गरजले, "आम्ही कॅन्सरची मूळ पेशीच पकडतो. दिव्य एन्झाइमनं."

पद्धत सोपी. दृष्ट काढतात तसा बटाटा पेशंटवरून उतरवायचा, कापायचा, काचेच्या भांड्यातल्या 'तीर्थात' टाकायचा. फेस आला, म्हणजे मूळ पेशी तडफडतेय. नाही आला, म्हणजे ती खलास.

मागच्या रविवारी आत्याच्या बटाट्याला भरपूर फेस आला होता. आज बाबांनी रेशमी कापडातून 'सिद्ध' बटाटा काढला, उतरवला, कापला, टाकला. फेस नाही. हॉलभर टाळ्या.

आत्या डोळे पुसत म्हणाली, "निशी, उद्या केमोला नक्को. फोन करून सांग त्यांना."

प्रसाद म्हणून तिच्या हातात दिलेली उरलेली फोड मी दाबून बघितली. बोटांत लगदा झाला.

"आत्या, हा उकडलेला आहे. मोहरी-कढीपत्ता घाल, डोशात भर."

"गप गं. देवाचं आहे ते."

मी स्टेजवर चढले, टोपलीतला कच्चा बटाटा घेतला आणि थेट बाबांवरूनच उतरवला. कापून तीर्थात टाकला. फेस पार भांड्याबाहेर.

"अय्यो, बाबांना पण?" पुढच्या रांगेतली एक अम्मा हळहळली.

मग दुसरा खुर्चीवरून उतरवला. खुर्चीलाही कॅन्सर. माइकलाही. हॉल हसायला लागला. बाबा "शांती, शांती" म्हणत भांडं उपरण्याखाली लपवू लागले.

माइक मी घेतला. हो, घेतलाच.

"हे तीर्थ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. कच्च्या बटाट्यातलं कॅटलेज नावाचं एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, म्हणून फेस. बटाटा उकडला की एन्झाइम निकामी, फेस बंद. शाळेच्या लॅबमध्ये आम्ही हेच केलंय."

"मग मूळ पेशी पण खोट्या का गं?" आत्यानं खालूनच विचारलं.

"त्या खऱ्या आहेत. पेशीत कुठलं प्रथिन ठेवायचं, कुठलं मोडीत काढायचं, हे काही एन्झाइम ठरवतात. त्यांचा ताळ सुटला तर कॅन्सरच्या मूळ पेशी चिवट होऊ शकतात. त्यांना आवरणारी औषधं शास्त्रज्ञ अजून शोधतायत, आत्या. बटाट्यानं भागलं असतं, तर ते सगळे भाजी मंडईत दिसले असते."

मी खाली उतरल्यावर आत्यानं पिशवी माझ्याकडून मागून घेतली, रिपोर्ट नीट लावले.

"उद्या सकाळी लवकर उठव मला. हॉस्पिटलात गर्दी असते."

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की आधी तोच खुर्चीवर करून बघा. खुर्चीही आजारी निघाली, तर आपण सरळ डॉक्टरकडे जावं.