दिव्याखालची मधली जागा

सोमवार, सकाळची वेळ. स्थळ, विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या तळमजल्यावरील ती खोली, जिच्यात गोड्या पाण्यातील शेवाळ काचेच्या बरण्यांत वाढवले जाते. या शेवाळाची नर आणि मादी रोपे वेगवेगळी असतात; कोवळेपणी मात्र ती डोळ्यांना सारखीच दिसतात. प्रखर आणि मंद उजेडाशी नर कसा जुळवून घेतो व मादी कशी, या प्रश्नावर वहिनींची पदवी अवलंबून होती, आणि निकाल आजच उघडायचा होता.

वहिनी म्हणजे येथील संशोधिका. दिवे सांभाळणारा वीजतंत्री त्यांचा धाकटा दीर, म्हणून सारा विभागच त्यांना वहिनी म्हणे. गच्चीवरची खोली कोणाची, या वादापायी दीर-भावजयींत अबोला होता.

पक्षपात नको म्हणून नर-मादीच्या चिठ्ठ्या बरण्यांच्या तळाला चिकटवल्या होत्या. मंद उजेडाच्या फळीवर दिव्याला कापड गुंडाळलेले, तेथे सगळीकडे सारखेच. प्रखर फळीवर मात्र मध्ये उजेड अधिक, कडेला कमी; आणि पहिल्या दिवशी तिथे एका लिंगाच्या साऱ्या बरण्या मध्ये व दुसऱ्याच्या कडेला मांडल्या गेल्या होत्या, कोणत्या कुठे हे चिठ्ठी पाहिल्याशिवाय कळणार नव्हते. म्हणून मधल्या बरण्या कडेला आणि कडेच्या मध्ये, अशी अदलाबदल वहिनी रोज सकाळी करीत. सकाळी दीर दिवे लावी, संध्याकाळी ते मालवून कुलूप लावी.

आज त्यांचा हात थबकला. काठाचा टवका उडालेली बरणी मध्ये होती. काल त्यांनीच ती कडेला ठेवली होती. परवाही.

"भाऊजी, माझ्या बरण्यांना कोण हात लावतं?"

"मी. तुम्हीच सांगितलंत, ताप आला होता तेव्हा. रोज अदलाबदल करा म्हणालात. थांबा असं कधी म्हणालात?"

"मी कामावर आलेली दिसले नाही?"

"दिसलात, बोलला नाहीत. आणि गॅस चालू ठेवून घराबाहेर पडणाऱ्यांचा भरवसा काय धरायचा? मी आपला संध्याकाळी करत राहिलो."

"खोलीचा राग बरण्यांवर काढलात, असं म्हणा की."

"राग काढायचा असता तर दिवेच मालवले असते, वहिनी. इतके कष्ट कशाला घेतले असते?"

वहिनींनी मनात हिशेब मांडला. सकाळी त्यांनी हलवावे, संध्याकाळी दिराने परत ठेवावे. म्हणजे दिवा जळत असताना प्रत्येक बरणी रोज त्याच जागी. दिवसा मध्ये राहिलेल्या बरण्यांतील शेवाळ पिवळट पडले होते, दिवसा कडेला राहिलेल्यांतील हिरवेगार होते.

दिराने एक पिवळट बरणी उचलून तळ पाहिला, मग दुसरी. "सगळे नर. हिरव्या साऱ्या माद्या. मंद फळीवर दोघंही सारखे. मादी कडक उजेडातही टिकते, नर टिकत नाही. झाला की तुमचा निकाल. आपल्या घरात तरी वेगळं काय आहे?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "गप्प बसा. पदवी पदरात पडू द्या. मी कुठे बोलतोय?"

या औदार्याचीच वहिनींना अधिक धास्ती वाटली. आज झाकलेली मूठ उद्या गच्चीवरच्या खोलीपाशी उघडणार नाही, याची हमी कोण देणार? आणि समजा, ती कधीच उघडली नाही, तरी नराला खरोखर काय सोसवत नाही हे त्यांना कुठे ठाऊक होते?

विभागप्रमुख बाई आत आल्या. ओळीने मांडलेल्या पिवळ्या आणि हिरव्या बरण्यांकडे त्यांनी चष्म्यावरून पाहिले. "इतकं नीटनेटकं? शेवाळ सहसा इतकं आज्ञाधारक नसतं."

वहिनींनी एकदा दिराकडे पाहिले आणि काहीही न वगळता सारे सांगितले. बाईंनी एक पिवळट बरणी उचलून उजेडात धरली, खाली ठेवली.

"हा निकाल जागेचा आहे, नर-मादीचा नाही," त्या म्हणाल्या. "प्रयोग पुन्हा करायचा. पदवी या वर्षी मिळणार नाही."