फेलिकुलाचा गरुड

टांकसाळीत हातोडा मारण्यात माझी वीस वर्षं गेली, पण माझ्याइतका मूर्ख अख्ख्या रोमात दुसरा नसेल.

माझी फेलिकुला जन्मली तेव्हा बापाने दिलेलं जुनं चांदीचं नाणं भोक पाडून मी तिच्या गळ्यात बांधलं. एका बाजूला मेल्यावर देव झालेला सम्राट, दुसऱ्या बाजूला गरुड. सम्राटाची चिता पेटली की गरुड त्याला वर देवांत नेतो. आमच्यासारख्यांनी मेल्यावर तोंडात नावाड्याच्या भाड्याचं नाणं घेऊन खाली मेलेल्यांच्या नदीपार जायचं. माझी बायको हेल्पिस मात्र म्हणायची, "आपली पोर गरुडाबरोबर जाईल, बघाच तुम्ही."

यंदा फर्मान सुटलं, देव झालेल्या सगळ्या जुन्या सम्राटांची नवी नाणी पाडा. चांदी कमी पडायला लागली. मुकादम ओनेसिमस म्हणाला, "अरे, पोरीच्या गळ्यातलं ते भोकाचं आण की! एकाला दोन देतो. तोच सम्राट, तोच गरुड, आणि वर कोरं करकरीत."

मी आणलं. माझ्यादेखत ते मुशीत गेलं. नव्यात तांबंच जास्त, आंबट पाण्यात टाकून वर चांदीची साल आणतात, हे मला ठाऊक होतं. रोज मीच पाडतो ना! पण ठसा तोच, तर गरुडही तोच, असं मला वाटलं. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

महिन्याभरात साथ आली. दोनातलं एक वैद्याने नेलं आणि चौथ्या दिवशी पोर गेली.

दुसरं तिच्या तोंडात ठेवताना हेल्पिसने विचारलं, "हे चालेल ना हो?"

"न चालायला काय झालं? चांदीच आहे."

चिता विझल्यावर आम्ही राखेवर वाइन शिंपडली आणि अस्थी वेचायला बसलो. नाणं हेल्पिसलाच सापडलं. काळंलाल ढेकूळ झालं होतं. तिने ते अंगठ्याने पुसलं, उलटवलं, पुन्हा पुसलं.

"गरुड कुठंय हो?"

मी ढेकूळ घेऊन नखाने खरवडलं. नुसतं तांबं.

"म्हणजे वर नाही गेली. आणि असलं नाणं नावाडी तरी कशाला घेईल?" तिने ओच्यातल्या अस्थी पोटाशी धरल्या. "मग आहे कुठे माझी पोर?"

उद्या सकाळी कामावर जायचंय. गरुडाचीच नाणी पाडायची आहेत.