आंदणाची खाट

तुळसाबाईच्या माहेरची रीत होती, लेकीच्या आंदणाची खाट आईनं आपल्या हातानं विणायची. विजयमालाच्या लग्नाला आठ दिवस उरले, तरी केनवडच्या अंगणात विणकाम चालूच होतं. एक दोरी ढिली वाटली की तुळसाबाई चार उसवायची.

अशात व्याही आले. जगदेव मास्तर रिसोडला इंग्रजी शिकवत. बगलेत जाडजूड डिक्शनरी. तिच्याशिवाय ते सोयरिकीलाही निघाले नव्हते. खाट पाहून म्हणाले, "ईनबाई, राग मानू नका. पोरगा पोस्टात लागला. त्याले लोखंडी कॉट पाहिजे. खाट राहू द्या."

तुळसाबाईचा हात थांबला. दोरीची अंबाडी तिनंच पेरली, भिजवली, सोलली, वळली होती. पण लेकीच्या सासऱ्याशी भांडावं कसं? तिनं चहा ठेवला.

चहानं मास्तर खुलले. इंग्रजी शब्द कुठून आले हे सांगायची त्यांना भारी हौस. "आता स्कूल घ्या. मूळ ग्रीक. अर्थ काय, तर फुरसत!"

"म्हूनच मास्तर लोकायले इतकी फुरसत," तुळसाबाई म्हणाली. दाराआड विजयमाला खुदकली. "मंग इवाईबुवा, थे कॉट कुठून आली? पाहा ना पोथीत."

मास्तरांनी चष्मा चढवला. "एक अर्थ, झोपडी."

"झोपडीबी मांगता का आंदणात?"

"थांबा हो. दुसरा अर्थ, हलका पलंग. मूळ..." बोट ओळीवरच राहिलं. मास्तरांना पुस्तक मिटता आलं असतं. विचारणारीला इंग्रजीचं अक्षर ठाऊक नव्हतं. पण माणूस सच्चा. घसा खाकरून त्यांनी वाचलं, "मूळ हिंदी. खाट. साहेब इथं येऊन खाटेवर झोपला, अन् शब्द घेऊन गेला."

"म्हंजे साहेबाले चालली, अन् पोस्टातल्या बाबूले टोचते?"

मास्तरांनी विणीवर तळहात दाबून पाहिला. मग हसलेच. "नाही टोचत. हेच येईन आमच्या घरी."

"मंग धरा."

पायथ्याची दोरी ताणायला दुसरा माणूस लागतोच. मास्तरांनी डिक्शनरी विजयमालाकडे दिली, धोतर खोचलं आणि दोरी धरली.

"ओढा जी! ढिली राह्यली तं तुमचंच पोरगं भुईले टेकन."

आठवीपर्यंत शिकलेली विजयमाला ओळीवर बोट ठेवून ओरडली, "आये, खरंच छापली हाये व आपली खाट!"

"छापू दे," तुळसाबाई म्हणाली. पण मान जरा ताठच झाली. "तू इकडं ये, थे गाठ पाहून ठेव. तुह्या लेकीसाठी तुलेच माराची हाये."