म्वालिमूंची तक्रार

वांजेरीने दोन्ही मुलांना शाळेतून काढलं, तेव्हा सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते तिच्या सासूला. न्जांबी या निवृत्त मुख्याध्यापिका, म्हणून सगळे त्यांना म्वालिमू, म्हणजे मास्तरीणबाई, म्हणायचे. किनांगोपचा अर्धा गाव त्यांच्या छडीखालून गेलेला. आणि त्यांचीच नातवंडं भर सकाळी बटाट्याच्या वाफ्यात लोळताना लोकांना दिसावीत?

वांजेरीचं म्हणणं साधं होतं. मुलं पहाटे अंधारात बसमध्ये चढायची, अंधार पडल्यावर उतरायची आणि रविवारी चुकून आईलाच मॅडम म्हणायची. आता न्योकाबी चपात्या तोडत अपूर्णांक शिकत होती आणि धाकटा मुगो कोंबड्यांना गोष्टी वाचून दाखवत होता. नवरा गाथोगो आई आणि बायकोच्या भांडणात पडायचा नाही. विषय निघाला की त्याला शेतातलं काम आठवायचं.

सासूबाई मुक्कामाला आल्या, दोन दिवस मुकाट्याने बघत राहिल्या आणि मग गावच्या चीफकडे, म्हणजे सरकारी अंमलदाराकडे, जाऊन सुनेची तक्रार करून आल्या.

दुसऱ्याच दिवशी चीफ किरागू गणवेश चढवून दारात हजर. वांजेरीने चहा टाकला खरा, पण साखर कितीदा घातली तिला कळलं नाही. सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. किरागूने उभ्याउभ्याच घसा खाकरला आणि सुरुवात केली. मुलांना शिकवणं म्हणजे पोरखेळ नाही, त्याला शिस्त लागते, अनुभव लागतो. सासूबाई मान डोलावत होत्या. तेवढ्यात तो म्हणाला, "या घरात शिकवायच्या लायकीचं आहे तरी कोण?"

मान डोलायची थांबली.

"किरागू, उभा राहा."

तो उभाच होता. काय करावं न सुचून तो बसला आणि पुन्हा उभा राहिला.

"सातचा पाढा तुला कोणी शिकवला?"

"तुम्हीच, म्वालिमू."

"कितीदा?"

किरागूने टोपी काखेत घट्ट धरली. "पुष्कळदा."

मुगो फिदीफिदी हसला. तक्रार तुमचीच होती, असं किरागू चाचरत म्हणाला. त्यावर सासूबाईंनी सुनावलं, की तक्रार सुनेची होती, घराण्याची नव्हती. यातला फरक वांजेरीला समजला नाही, पण विचारायची ती वेळ नव्हती. किरागूने पाकासारखा चहा एका दमात संपवला, मुलांची काळजी मिटली असं जाहीर केलं आणि काढता पाय घेतला.

मग सासूबाई म्हणाल्या, "मी आता इथेच राहते. उद्यापासून वर्ग."

 चीफलाही घालवून देणाऱ्या माणसाला वांजेरीने घालवायचं कसं? तिने आवाज ठाम केला आणि सांगितलं, की आई, राहा, पण घरात छडी चालणार नाही. मग दोघींची बाजारात कोबीवर व्हावी तशी घासाघीस झाली. छडी गेली, पाढे राहिले. वाफ्यातलं लोळणं दुपारनंतर. कोंबड्यांबद्दल मात्र सासूबाईंनी हरकत घेतली नाही. त्या निदान गप्प बसून ऐकतात, म्हणाल्या.

संध्याकाळी गाथोगो शेतावरून आला आणि चीफ काय म्हणाला ते विचारू लागला.

"सुटलो," वांजेरी म्हणाली.

"आणि आई कधी जाणार?"

"त्या जात नाहीत. उद्या सकाळी प्रार्थनेला सगळ्यांनी रांगेत यायचंय, तूसुद्धा." तिने त्याच्या मातीने भरलेल्या हातांकडे पाहिलं. "आणि नखं कापून ये. त्या बघतात."