अचूक सरांची उरलेली गर्दी

बाजार उघडायची वेळ झाली, की त्या फिजिओथेरपी केंद्रात चमत्कार घडायचा. आठवडाभर ज्यांची मान वळत नव्हती, त्यांची मान उशाशी ठेवलेल्या फोनकडे गर्रकन वळायची. ज्यांना वाकायची बंदी होती, ते पिशवीतला चष्मा काढायला बिनदिक्कत कमरेतून वाकायचे. आणि गुडघ्यावर शेकाची पिशवी ठेवून "आई गं, आई गं" करणाऱ्या आत्या तर पिशवी बाजूला भिरकावून चक्क उभ्याच राहायच्या.

"आला! सरांचा संदेश आला!"

केंद्र चालवणारी डॉक्टरीण हातात रबरी पट्टा धरून हे बघत राहायची. तिच्या साऱ्या शिक्षणाने जे साधलं नव्हतं, ते एका फोनच्या टिंगटिंगीने साधत होतं.

आत्या म्हणजे तिची सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. उमेदीची सगळी वर्षं टेलिफोन खात्यात काढलेली, आवाज खणखणीत, जीभ त्याहून. यजमान गेल्यावर त्या भाचीकडे राहायला आल्या. यजमानांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बाजारपेठेत कुलूप लावून उभं होतं. ते विकायचं आणि येणारी सगळी रक्कम अचूक सरांच्या सल्ल्याने शेअरबाजारात लावायची, असा आत्यांनी आता बेत केला होता.

'अचूक सर' हे काही त्या गृहस्थाचं खरं नाव नव्हे. ते लोकांनी ठेवलेलं, आणि सरांनी ते अत्यंत नम्रपणे, जाहिरातीत ठळक अक्षरांत, स्वीकारलेलं. जाहिरातीतल्या क्रमांकावर आपला फोन नंबर कळवला, की सर ठरावीक दिवशी सकाळी एक संदेश फुकट पाठवायचे. एका मोठ्या कंपनीचं नाव आणि पुढे एकच शब्द: 'चढेल' किंवा 'उतरेल'. संध्याकाळपर्यंत ते खरं व्हायचं. पाठोपाठ सरांचा व्हिडिओही यायचा. डोळे मिटलेले, दोन बोटं पडद्यावरच्या आलेखावर टेकवलेली, वैद्याने नाडी बघावी तशी.

"मित्रांनो, जग बाजार बघतं, मी बाजार ऐकतो! बाजाराला हृदय आहे. ते धडधडतं. त्या धडधडीचा तुमच्या धडधडीशी मेळ घालणं, एवढंच माझं काम. मी कोण? मी निमित्त!"

"आतापर्यंत एकही चुकला नाही," आत्या सांगत. "एकही! तुझ्या हवामान खात्याला जमेल का?"

"हवामान खातं माझं कधीपासून झालं?" डॉक्टरीण म्हणाली. "बघू, काय आलंय आज?"

आत्यांनी फोन छातीशी धरला. "दाखवायचा नसतो. प्रत्येकाचं स्पंदन वेगळं. दोन स्पंदनं मिसळली की संदेश नासतो."

"दुधासारखा?"

"चेष्टा नको करूस. शिकलेली माणसं अशीच फुकट जातात."

पलीकडच्या खाटेवर पाठीला पट्टा बांधून पडलेल्या छापखान्याच्या काकूंनी जोरात मान हलवली. त्या स्वतःचा छापखाना चालवायच्या, कुणाला सहज फसायच्या नाहीत. पण त्यांचेही सगळे संदेश खरे ठरले होते. डोळ्यांनी पाहिलेलं नाकारायचं कसं? डॉक्टरीणही मनातून जरा चरकली होती. माणूस ठक आहे असं म्हणायला तिच्याकडे पुरावा नव्हता, आणि आत्यांकडे तर पुराव्याचा ढीग होता.

गुंता सुटला तो पडद्याआड. तिथे ब्रेकमामांचा आखडलेला खांदा मोकळा करायचं काम चाललं होतं. मामा गाडी चालवायला शिकवायचे. शिकाऊंच्या शेजारी बसून आयुष्यभर "ब्रेक! ब्रेक!" ओरडल्यामुळे त्यांना हे नाव पडलं होतं. एरवी मामांचं तोंड बंद नसायचं, पण सरांचा विषय निघाला की ते छताकडे बघत बसत.

"मामा, तुम्हाला नाही का येत सरांचा संदेश?" डॉक्टरिणीने खांदा हळूच मागे नेत विचारलं.

"आई गं! येत होता हो."

"होता?"

"सोडा ना ते."

खांदा आणखी थोडा मागे गेला.

"सांगतो, सांगतो! पहिलाच चुकला माझा. त्या सिमेंट कंपनीचा. मला 'उतरेल' आला आणि ती चढली. मग सरांकडून निरोप आला, तुमचं स्पंदन जुळत नाही, क्षमस्व. पुढे काही आलंच नाही. आता चारचौघांत कशाला सांगू? तुमची आत्या म्हणायची, मेल्याचं हृदयच बंद असेल."

डॉक्टरिणीचा हात तसाच थांबला. सिमेंट कंपनी. त्याच दिवशी आत्यांनी सगळ्या केंद्राला कॉफी पाजली होती, कारण सरांनी सिमेंट 'चढेल' म्हणून सांगितलं होतं.

त्या आठवड्यात तिने एकेका रुग्णाला पडद्याआड हाच प्रश्न विचारला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण दुखऱ्या सांध्यावर हात असला की मुठी पटापट उघडतात. कुणाचा पहिला संदेश चुकला होता, कुणाचा दुसरा, कुणाचा तिसरा. ज्याचा चुकला त्याचे संदेश त्या दिवसापासून बंद. आणि प्रत्येकाला वाटत होतं, करंटा काय तो मी एकटाच.

संध्याकाळी केंद्र झाडून घेताना तिची नजर भिंतीकडे गेली. तिथे बऱ्या झालेल्या रुग्णांनी पाठवलेली आभारपत्रं लावलेली होती. भिंत भरून गेली होती. आणि पहिल्यांदाच तिच्या मनात आलं, की जे बरे झाले नाहीत त्यांचं एकही पत्र इथे नाही. ते रागावून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले, पत्र कुणाला लिहिणार? ही भिंत बघून कुणालाही वाटेल, की बाईंच्या हातून आजवर एकही रुग्ण बरा झाल्याशिवाय गेलेला नाही. ती एकटीच खो खो हसली. अचूक सरांनी अशीच एक भिंत उभारली होती, फक्त माणसांची.

घरी तिने आत्यांना सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"त्यांची श्रद्धा कमी पडली असेल."

"अगं आत्या, एकाच दिवशी एकाच कंपनीबद्दल तुला 'चढेल' आणि मामांना 'उतरेल'! दोन्ही कसं खरं होणार?"

"मामा गाडी शिकवतात. डावं-उजवं त्यांना कळतं, वर-खाली नसेल कळत. हे बघ बाळा, उद्या सरांची सभा आहे. निवडक लोकांनाच बोलावणं आहे. दुकानाचं गिऱ्हाईक दुपारी इसाऱ्याची आगाऊ रक्कम द्यायला येणार आहे. तू ये माझ्याबरोबर, ऐक, आणि मग बोल."

"येते," डॉक्टरीण म्हणाली. "मामांनाही आणते. तुझी पाठीमागची उशी धरायला."

सभागृह खच्चून भरलं होतं. दाराशी टेबलं मांडली होती, 'आजीव सदस्यता' अशी पाटी लावून. आत बसलेला प्रत्येक जण शेजाऱ्याला तेच सांगत होता: "माझा एकही चुकला नाही." "माझाही नाही!" एवढी सगळी माणसं, आणि एकाचाही संदेश चुकलेला नाही. त्या आनंदात काही खोटं नव्हतं. आत्या आणि छापखान्याच्या काकू पहिल्या रांगेत खुर्चीला खुर्ची लावून बसल्या. डॉक्टरीण बाजूला उभी राहिली, मामा उशी घेऊन मागे.

सर आले. पांढरे कपडे, हळू चाल. माईकवर आधी त्यांनी नुसता श्वास सोडला, त्यालाच टाळ्या पडल्या.

"तुम्ही माझ्याकडे आला नाहीत," सर म्हणाले. "बाजाराने तुम्हाला निवडलंय! आता या क्षणी तुमच्या फोनवर आजचा संदेश येईल. वाचा, मनात ठेवा, आणि बाजार बंद होईपर्यंत मौन! बाहेर टेबलावर सदस्यता घ्या आणि उद्यापासून हे रोज तुमचं!"

सभागृहभर टिंगटिंग झाली. सगळ्या माना खाली, सगळ्यांच्या ओठांवर हसू.

डॉक्टरीण पुढे झाली. तिचं काळीज धडधडत होतं, आणि ते ऐकायला सरांची गरज नव्हती. पण लोकांना हातपाय हलवायला लावणं हा तर तिचा रोजचा धंदा. नेहमीच्या खड्या आवाजात ती म्हणाली, "मंडळी, एक सोपा व्यायाम! फोन कुणाला दाखवू नका, काही बोलू नका. ज्यांना 'चढेल' आलंय त्यांनी उजवा हात वर करा. ज्यांना 'उतरेल' आलंय त्यांनी हात कमरेवर ठेवा."

सरांचे डोळे खाडकन उघडले. "थांबा! या बाईंचं स्पंदन नकारात्मक आहे! कुणी हात हलवू नका!"

सभागृह गोठलं. तेवढ्यात पहिल्या रांगेतून खणखणीत आवाज आला.

"सर, तुम्ही घाबरू नका, ही माझी भाची आहे. हिला मीच दाखवते!" आत्या गुडघ्याला हात न लावता उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात आभाळाला लावला. "माझा 'चढेल'! आणि चढणारच! काय हो काकू, सांगा हिला."

काकू जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा हात कमरेवर होता.

"अहो काकू, हात वर करा ना!"

"कसा करू?" काकू म्हणाल्या. "मला 'उतरेल' आलंय."

आत्यांचा हात तसाच वर राहिला. त्यांनी मागे वळून पाहिलं. एकेक हात हलू लागला होता. कुणाचा वर, कुणाचा कमरेवर. नवऱ्याचा वर, बायकोचा कमरेवर. सभागृह सरळ अर्धं-अर्धं फाटलं होतं. मागून कुणीतरी फिसकन हसलं.

"यात जादू काहीच नाही," डॉक्टरीण म्हणाली. "समजा, यांनी हजारो लोकांना संदेश पाठवला. अर्ध्यांना 'चढेल', अर्ध्यांना 'उतरेल'. काहीही झालं तरी अर्धे खूश! ज्यांचा चुकला त्यांना रामराम. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग. पुन्हा अर्धे खूश. असं करत करत शेवटी मूठभर लोक उरतात, ज्यांचा एकही संदेश चुकलेला नाही. ते मूठभर म्हणजे तुम्ही! यांना बाजारातलं ओ की ठो कळायची गरज नाही. नाणं उडवलं तरी चालेल, तेही उडवायला नको. ज्यांचे चुकले ते आज कुठे आहेत, हे तुम्ही विचारलंत का?"

"हा एक इथे आहे!" मागून मामांनी उशी उंचावली. "पहिल्याच वळणावर गाडीतून उतरवलेला!"

आता हसू फुटलं. त्या गडबडीत सर व्यासपीठाच्या कडेच्या दाराकडे निघाले. मामांनी ते पाहिलं आणि सवयीने गर्जना केली, "ब्रेक!"

सर खरोखरच जागच्या जागी थांबले. लोकांनी त्यांच्याभोवती कडं केलं. मारहाण कुणी केली नाही, नुसते प्रश्न विचारले. पण प्रश्न सरांच्या सवयीचे नव्हते. कपाळावर घाम आला आणि "तांत्रिक बिघाड" हे दोन शब्द ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. बाहेरची टेबलं तोवर आपोआप गुंडाळली गेली होती. पोलीस आले तेव्हा तक्रार द्यायला छापखान्याच्या काकू सगळ्यांच्या पुढे होत्या.

आत्या मात्र खुर्चीतच बसून होत्या. डॉक्टरीण शेजारी जाऊन बसली.

"सगळ्यांसमोर मी मूर्ख ठरले," आत्या म्हणाल्या.

"नाही गं. तू जे पाहिलंस ते खरंच होतं. तुझे संदेश बरोबरच आले होते. फक्त बाकीच्यांचे चुकलेले तुझ्यापासून लपवून ठेवले होते. आणि आज पहिला हात कुणी वर केला? तू केला नसतास, तर इथे कुणीच केला नसता."

आत्यांनी नाक पुसलं. मग एकदम म्हणाल्या, "थांब, फोन लावते. त्या गिऱ्हाइकाला सांगते, इसारा घेऊन येऊ नकोस म्हणून." दुकान पुढे भाड्याने गेलं, एका चष्मेवाल्याला.

महिनाभराने आत्यांना दुसऱ्या एका सल्लासेवेचा फोन आला. आवाज मधाळ होता. "मॅडम, आमच्या गेल्या वर्षीच्या यशस्वी सल्ल्यांची माहिती पाठवू का?"

"यशस्वी राहू द्या," आत्या म्हणाल्या. "चुकलेले पाठवा. सगळे. आणि सल्ला निकालाच्या आधी दिला होता, नंतर नाही, हेही दाखवा. डोळे मिटून बाजारातल्या साऱ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे ठेवले असते, तर त्यापेक्षा तुमच्याकडे जास्त मिळालं असतं का? तुमची फी वजा करून सांगा हं. हॅलो? हॅलो!"

फोन कधीच बंद झाला होता. शेक घेत पडलेलं अख्खं केंद्र हसलं, आणि आत्या सर्वांत मोठ्याने.

वाचकहो, प्रामाणिक सल्लागार जगात नाहीत असं नाही. पण प्रामाणिक सल्लागाराला असे प्रश्न विचारले तर तो रागावत नाही, आणि आपली चूक सांगताना लाजत नाही. जो म्हणतो 'माझं कधी चुकत नाही, आणि हे कुणाला दाखवू नका', त्याच्यासमोर हात जोडण्याआधी शेजाऱ्याला एवढंच विचारा, "तुम्हाला काय सांगितलं हो यांनी?" याला ना पदवी लागते ना पैसा. शेजाऱ्याशी मोकळेपणाने बोलायची तयारी असली की पुरे.