मडैअम्मनच्या गालावरचं रक्त

तमिळ आडी महिन्यातला, देवीचा शुक्रवार. तळ्याकाठच्या मडैअम्मनच्या देवळात माणसं अशी कोंबली होती, की दगडी खांबांनाही घाम फुटावा. सगळ्यांची नजर गाभाऱ्यातल्या हळदीनं माखलेल्या मुखवट्यावर, नि त्याच्यासमोर खांबाला बांधलेल्या पूंगोडीवर.

पोरीला फिट यायची. डॉक्टरच्या गोळ्यांनी ती थांबलीही होती. पुजारी मुत्तैयानं गोळ्या बंद करवल्या, फिट परत आली आणि मुत्तैया म्हणाला, "बघा, आई बोलावतेय!" आज कौल लागायचा होता. देवीला रक्त आलं, तर पोर जन्मभर देवळात.

"राजानं तळं बांधलं, बांध टिकेना!" पुजारी घुमू लागला. "कुंभाराची पोर जिवंत पुरली, तेव्हा पाणी अडलं. तीच ही आई! हजार वर्षं एकटी आहे. तिला सोबत हवी!"

"सोबत देवीची, आणि भांडी घासायची पुजाऱ्याच्या घरची," वडिवू पुटपुटली. पूंगोडीची ही आत्या कुंभकोणमला शाळेत शिकवायची. देवीनं निवडलेल्या आधीच्या दोघी मुत्तैयाच्या गोठ्यात राबताना तिनं पाहिल्या होत्या.

"वन्सं, पाया पडते, गप्प बसा," पोरीची आई मरुदायी कापऱ्या आवाजात म्हणाली. "ती ऐकतेय."

पुजाऱ्यानं तांब्यातलं तीर्थ मुखवट्यावर भिरकावलं. देवीच्या पिवळ्या गालावरून लालभडक ओघळ उतरला. बाया किंचाळल्या. मरुदायी मटकन खाली बसली.

चार थेंब वडिवूच्या गळ्यावरही उडाले होते. शेजारची म्हातारी ओरडली, "अगं बाई, तुझी ताली!"

हळदीत भिजवलेल्या तिच्या मंगळसूत्राच्या दोऱ्यावर लाल डाग पडले होते.

"नवऱ्याच्या जिवावर बेतलं!" पुजारी गरजला. "आईशी वाद घालतेस?"

दोरा चिमटीत धरून वडिवू बघत राहिली. मग तिनं देवीच्या त्रिशूळात खोचलेलं लिंबू ओढून काढलं, फोडलं आणि डागांवर पिळलं. लाल पुसलं, दोरा पुन्हा पिवळा.

"झाला नवरा बरा," ती म्हणाली. "मुत्तैया अण्णा, देवीलाही पिळू का?"

"हात लावशील तर जळून जाशील!"

तिनं हात लावला. लिंबाखाली देवीचं रक्त विरून हळद वर आली. कुणी जळलं नाही.

"अगं बायांनो, नवरीला ओवाळायला लाल पाणी कशानं करता?"

मग म्हातारी अडखळत म्हणाली, "हळदीत... चुना कालवून."

"ह्या तांब्यात चुन्याची निवळी आहे. घरी रोज करता ते देवळात ओळखू आलं नाही, कारण इथे पाय ठेवताना आपण डोकं चपलांसोबत बाहेर काढतो. बांध दगडमातीनं टिकला. कुंभाराची पोर फुकट मेली. आता दुसरी द्यायची?"

"दोर सोडाल तर तळं फुटेल!" मुत्तैया किंचाळला. "अख्खं गाव बुडेल!"

गर्दी दचकून मागे सरली. काहीजण अजूनही हात जोडून होते.

मरुदायी उठली. बोटांना पोरीच्या दोराची गाठ सुटेना, तेव्हा तिनं दात लावले.

"फुटू दे," ती म्हणाली. "फुटलं तर माती टाकू. वन्सं, डॉक्टर किती वाजेपर्यंत बसतात?"