रणदिवेच्या फोटोला हार

समर्थ शूटिंगला पहिल्या दिवशी आला तो तीन माणसं घेऊन. एक ट्रेनर, एक केस बघायला आणि एक नुसताच. सातपूरच्या शेडमध्ये आमच्याकडे चार खुर्च्या होत्या, त्या या चौघांनी घेतल्या. मी आणि दीपक पत्र्याच्या पेटीवर बसलो.

'एजंट रणदिवे' हे नाव तुम्ही ऐकलं नसेल, तर तुम्ही देवळा-सटाण्याकडचे नाही. रविराजचा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे आणि डोक्यात सिनेमा. एकोणीस वर्षांत त्याने या गुप्तहेराचे अकरा सिनेमे काढले. पहिले काही सीडीवर निघाले, बसस्टँडबाहेर विकले गेले, नंतरचे यूट्यूबवर. अकराही सिनेमांत रणदिवे होता दीपक अहिरे, एका कंपनीतला वेल्डर. मी शाळेत क्लार्क, आणि सुटीच्या दिवशी रणदिवेला हुकूम सोडणारी चीफ मॅडम.

दीपकला फार अभिनय येत होता असं मी म्हणणार नाही. चिडला काय आणि प्रेमात पडला काय, तो सारखाच दिसायचा. पण छपराच्या पत्र्यावरून चालत्या ट्रकमधल्या कांद्याच्या गोण्यांवर उडी मार म्हटलं की मारायचा. चौथ्या सिनेमात त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. हात गळ्यात अडकवून त्याने उरलेलं काम केलं आणि रणदिवेला गोळी लागली असं रविराजने कथेत घातलं. आता तो एक्कावन्नचा झाला होता. शर्टाची बटणं पोटावर ताणायला लागली होती.

बाराव्या सिनेमाचा खर्च समर्थच्या वडिलांनी उचलला. ते गंगापूर रोडला इमारती बांधतात. मुलगा रणदिवे होणार, एवढीच त्यांची अट. रविराजने आम्हाला सांगताना मात्र सिरीजला फ्रेश चेहरा हवाय, असं सांगितलं. त्या दिवसापासून तो आमच्याशी मुलाखत दिल्यासारखा बोलायला लागला.

दीपकने नुसती मान हलवली. मग रविराजने त्याला समजावलं की, त्याचा मान राखलाय. नवा रणदिवे हा जुन्या रणदिवेचा मुलगा, आणि जुन्याचा हार घातलेला फोटो ऑफिसच्या भिंतीवर. म्हणजे सिनेमाभर दीपक दिसणारच. दुसऱ्या दिवशी दीपक स्वतःचा फोटो फ्रेम करून घेऊन आला. चंदनाचा हारही त्यानेच आणला. मला रविराजचा आला नाही इतका राग त्याचा आला.

समर्थने मुंबईत सहा महिन्यांचा अभिनयाचा कोर्स केला होता. रणदिवेच्या मनातली जखम नेमकी कोणती, असं त्याने विचारलं. रविराज गडबडला. रणदिवेला मन आहे, हेच अकरा सिनेमांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उडीची वेळ आली तेव्हा समर्थचा गुडघा दुखायला लागला. दीपकने त्याचं जॅकेट अंगात चढवलं. पुढची चेन लागेना, म्हणून पाठमोरा शॉट घेतला. दीपक गोण्यांवरून उठेपर्यंत ट्रेनरने त्याला सांगूनही टाकलं की लँडिंग आणखी हलकं हवं होतं.

पुढचं शूटिंग देवळ्याला, कांदा मार्केटच्या आवारात होतं. रणदिवे आलाय म्हणून माणसं जमली. कांदा निवडणाऱ्या बायकांतली एक म्हातारी, कुसाबाई, समर्थकडे बघून मला म्हणाली, "हाऊ कोन शे?"

हा नवा रणदिवे, मी म्हटलं. तिने गर्दी आवरणाऱ्या दीपककडे बोट केलं. "मंग तो काय मरी गया का?"

दीपकनेच हसत सांगितलं की हो, मेलो. लोकांनी त्याला गराडा घातला, फोटो काढले. मला बरं वाटलं. ते पाच मिनिटं टिकलं. मग समर्थने मारामारीच्या सीनसाठी शर्ट काढला आणि सगळे तिकडे पळाले. कुसाबाईसुद्धा.

शेवटी ऑफिसचा सीन. फोटोसमोर उभं राहून मी रडायचं होतं. समर्थ त्याचं वाक्य बोलला, बाबांचं अपुरं राहिलेलं काम मी पूर्ण करीन. मी वळले, तर फोटोच्या बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने, दीपक थर्माकोलचा पांढरा बोर्ड धरून उभा होता. माझ्या चेहऱ्यावर उजेड नीट पडावा म्हणून बोर्ड जरा तिरका करत होता. मी रडले. एकाच टेकमध्ये झालं. रविराज खूश झाला, आणि समर्थने जवळ येऊन विचारलं की मी कोणती टेक्निक वापरली.

चहा घेताना मी दीपकला म्हटलं, "तुला काहीच वाटत नाही का रे?"

"वाटतं ना," तो म्हणाला. "पण मी नाही म्हटलं असतं तर फोटोपण दुसऱ्याचा लावला असता त्यांनी."

माझा राग मात्र गेला नाही.

सिनेमा आला आणि आधीच्या अकरांपेक्षा जास्त चालला. एकदाचा बॉडीवाला हिरो मिळाला, असं लोकांनी यूट्यूबवर खाली लिहिलं. जुन्या काकांना आधीच घरी बसवायला हवं होतं, असंही लिहिलं. त्यांना सगळ्यात जास्त आवडली ती उडी. एका लोकल चॅनेलवर समर्थने सगळे स्टंट आपणच केल्याचं सांगितलं. तो व्हिडिओ दीपकने मला त्याच्या फोनवर दाखवला आणि माझ्यादेखत त्याला लाइक दिला.

तेराव्या सिनेमासाठी रविराजचा फोन आला. दीपक नसेल तर मीही नाही, असं मी सांगितलं. एकोणीस वर्षांची ओळख, निदान चार वेळा तरी विनवेल असं मला वाटलं होतं.

"ठीक आहे, उज्वलाताई," तो म्हणाला.

चार दिवसांत त्यांना तिशीतली चीफ मॅडम मिळाली.

पुढच्या आठवड्यात दीपकने फोन करून सांगितलं की पेठच्या घाटात शूटिंग आहे, पुलावरून उडी आहे, त्याने कंपनीतून रजा घेतली आहे. आवाजावरून तो खुशीत वाटला. तू मूर्ख आहेस, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण म्हटलं एवढंच, की गुडघ्याला पट्टा बांधून जा. त्याने बांधतो म्हणून सांगितलं. त्या सुटीला मी घरीच होते, आणि दुपारपर्यंत काय करावं ते सुचेना, म्हणून शाळेतले राहिलेले दाखले लिहायला घेतले.